ह्यूई लाँगची न सापडलेली पेटी

पगाराचा दिवस म्हटला की कुणालाही बरं वाटतं. पण १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सरकारी नोकरी करणाऱ्याला त्या दिवशी एक हिशोब मनात आधीच करून ठेवावा लागायचा. पगार इतका, त्यातले पाच-दहा टक्के साहेबांच्या पेटीत, उरले ते आपले. ही कापाकापी काही चोरून-लपून चालत नव्हती. त्या पेटीला नावच मुळी ‘डिडक्ट बॉक्स’, म्हणजे कपातीची पेटी. सगळा व्यवहार रोख. पावती-बिवती मागायची सोयच नाही.

हे साहेब म्हणजे ह्यूई पी. लाँग. लोक त्याला ‘किंगफिश’ म्हणायचे. त्या काळी रेडिओवर गाजलेल्या एका विनोदी मालिकेतल्या पात्राचं हे नाव, आणि ते त्यानं स्वतःच आवडीनं लावून घेतलं होतं. आता खरी गंमत पुढे आहे. ज्या माणसांच्या पगारातून पैसे कापले जायचे, त्यातल्या पुष्कळ जणांची मुलं लाँगनं फुकट दिलेल्या पुस्तकांवर शिकत होती आणि लाँगनं बांधलेल्या रस्त्यावरून शाळेत जात होती. म्हणून या माणसाला नुसतं चोर म्हणून फाईल बंद करता येत नाही. तसं असतं तर ९० वर्षांनंतर त्याची गोष्ट कुणी सांगितलीही नसती.

लाँगचा जन्म ३० ऑगस्ट १८९३चा, विनफिल्ड या गावचा. लुइझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात आणि विन पॅरिश हा त्यातला बंडखोर जिल्हा. जमीन हलकी, बडे जमीनदार नाहीत, त्यामुळे श्रीमंतांबद्दल राग इथल्या मातीतच. दक्षिणेकडचे कापूस आणि उसाचे मळेवाले, न्यू ऑर्लीन्स शहरातली जुनी राजकीय टोळी आणि स्टँडर्ड ऑइल ही अजस्र तेल कंपनी, या तिघांनी मिळून राज्य चालवायचं आणि विनसारख्या भागानं चिखल तुडवायचा, असा तेव्हा रिवाज होता.

ह्यूई हा भरल्या घरातला पोरगा. घर अगदी फाटकं नव्हतं. पुढे भाषणांत तो आपली गरिबी बरीच रंगवून सांगायचा, ते सोडून द्या. हुशारी मात्र अफाट. विशीच्या आत तो फिरता विक्रेता झाला. सरकीच्या तेलापासून बनवलेलं स्वयंपाकाचं एक तूप विकायचा. तूप खपावं म्हणून गावोगाव केक करण्याच्या स्पर्धा भरवायचा. अशाच एका स्पर्धेत त्याला रोझ मॅकॉनेल भेटली आणि १९१३मध्ये दोघांचं लग्न झालं. अनोळखी दारावर उभं राहून दोन मिनिटांत घरातल्या बाईला आपलंसं कसं करायचं, कुणाला हसवायचं, कुणाला बायबलमधली गोष्ट सांगायची, हे सगळं तो इथं शिकला. पुढे विकायचा माल बदलला, पद्धत तीच राहिली.

कायद्याचं शिक्षण त्यानं ट्युलेन विद्यापीठात घेतलं, तेही जेमतेम एक वर्ष. पैसे संपले तेव्हा आपली परीक्षा लवकर घ्या म्हणून मागे लागला, १९१५मध्ये पास झाला आणि वकील बनून विनफिल्डला परतला. कामावर हात-पाय गमावलेले मजूर, विधवा, छोटे शेतकरी हे त्याचे अशील. त्याच सुमारास त्यानं एका छोट्या तेल कंपनीचे शेअर घेतले होते. स्टँडर्ड ऑइलनं छोट्या कंपन्यांचं तेल आपल्या पाइपलाइनमधून न्यायला नकार दिला आणि त्या शेअरची रद्दी झाली. हा घाव तो कधीच विसरला नाही. म्हणजे जनतेचा लढा खरा होताच, पण त्याच्या आत एक खासगी उधारीही होती.

१९१८मध्ये, २५व्या वर्षी, तो राज्याच्या रेल्वे कमिशनवर निवडून आला. इतर पदांना वयाची अट होती, या पदाला ती घालायची राहून गेली होती. लाँगनं ती फट बरोबर हेरली. त्या कमिशनकडे टेलिफोन, ट्राम, पाइपलाइन अशा सगळ्या सेवांचे दर होते. आधीचे सदस्य तिथं बसून पेंगायचे. यानं टेलिफोन कंपनीला न्यायालयात खेचलं, वाढलेले दर खाली आणले आणि हजारो ग्राहकांना पैसे परत मिळवून दिले. विचार करा, टेलिफोन कंपनीकडून बिलाचे पैसे परत आले! असा पुढारी लोकांनी आधी पाहिलाच नव्हता.

१९२४मध्ये तो गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि तिसरा आला. मतदानाच्या दिवशी पाऊस पडला आणि खेड्यातला मतदार चिखलात अडकला, असं तो पुढे सांगत राहिला. चार वर्षांनी पुन्हा उभा राहिला तेव्हा जवळपास ४४ टक्के मतं मिळाली. उरलेली मतं दोन विरोधकांत वाटली गेली. त्या दोघांना एकत्र येणं जमलं नाही, आणि मे १९२८मध्ये ३४ वर्षांचा लाँग गव्हर्नर झाला.

चिखलातून काँक्रीट

त्यानं काय मिळवलं हे समजायला आधी राज्याची अवस्था पाहू. अख्ख्या लुइझियानात पक्के रस्ते सुमारे ३०० मैल. मिसिसिपीसारखी नदी राज्यातून वाहते आणि तिच्यावर राज्यात एकही पूल नाही. निरक्षरतेत देशात पहिल्या काही राज्यांत नंबर. शाळेची पुस्तकं आईबापांनी विकत घ्यायची, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या पोरांनी शेतात जायचं.

लाँगनं आल्या आल्या सर्व शाळकरी मुलांना मोफत पुस्तकं दिली. त्यात एक अडचण होती. राज्याच्या दक्षिणेत कॅथलिकांच्या धार्मिक शाळा पुष्कळ आणि सरकारी पैसा धर्मसंस्थेला देता येत नाही. यानं पुस्तकं शाळेला न देता थेट मुलाच्या हातात ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३०मध्ये तिथंही लाँगची बाजू टिकली. प्रौढांसाठी रात्रशाळा निघाल्या, त्यांत सुमारे एक लाख माणसं लिहा-वाचायला शिकली. त्यात कृष्णवर्णीय लोकही मोठ्या संख्येनं होते. तिथल्या गोऱ्या राजकारणात हे सहजासहजी घडत नसे. पण मताच्या अधिकाराचा प्रश्न आला की लाँग गप्प. कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवणारी व्यवस्था त्यानं हलवली नाही, उलट गरज पडली तर विरोधकावर वांशिक शिव्याही हासडल्या.

रस्त्यांची तर त्याची खास युक्ती होती. एकच लांब रस्ता पुरा करण्याऐवजी त्यानं प्रत्येक पॅरिशमध्ये थोडे थोडे मैल काँक्रीट टाकलं. गुळगुळीत रस्ता अचानक संपायचा आणि गाडी पुन्हा चिखलात. त्या धक्क्यानं लोकच ओरडायला लागले की पुढचा रस्ताही पाहिजे. मग त्यासाठी कर्जरोखे काढायला विरोध करायची कुणाची छाती? काही वर्षांत हजारो मैल रस्ते आणि शंभरावर पूल झाले. न्यू ऑर्लीन्सजवळ मिसिसिपीवरच्या मोठ्या पुलाला त्याचंच नाव दिलं गेलं. मंदीच्या काळात एवढ्या कामांनी हजारो हातांना मजुरी दिली, हेही खरं.

आणि याच कामांत टक्केवारीही होती. कंत्राट कुणाला, सिमेंट कुणाचं, विम्याचा धंदा कुणाकडे, हे सगळं साहेबांची माणसं ठरवायची. पहिल्याच वर्षी शेकडो जुने कर्मचारी घरी गेले आणि त्यांच्या जागी आपले आले. बड्या नेमणुकीवर बसणाऱ्याकडून बिनतारखेचा राजीनामा सही करून घेतला जायचा. माणूस वाकडा गेला की तारीख घालायची, झालं.

पंधरा सह्या

१९२९मध्ये लाँगनं तेलाच्या प्रत्येक पिंपावर ५ सेंट कर लावायचा घाट घातला आणि स्टँडर्ड ऑइलनं दंड थोपटले. विधिमंडळात त्याच्यावर महाभियोग आला. २५ मार्च १९२९चा सोमवार तिथं ‘रक्ताळलेला सोमवार’ म्हणून ओळखला जातो. सभापती लाँगचा माणूस होता, त्यानं कामकाज तहकूब झाल्याचं जाहीर केलं. मतदानयंत्रावर आकडे भलतेच दिसत होते. विरोधकांना वाटलं यंत्रातच घोळ केलाय, आणि सभागृहात ठोसेबाजी सुरू झाली. आमदार बाकांवर चढले, कुणाच्या कपाळातून रक्त आलं.

आरोपांची यादी वाचायला मिळाली तर वाचा, एखाद्या वेब सीरिजचा ऐवज आहे त्यात. सरकारी पैशाचा गैरवापर, आमदारांना लाच. एका वृत्तपत्राच्या मालकाला तर म्हणे धमकी दिली होती की, विरोध थांबव, नाहीतर तुझा भाऊ मनोरुग्णालयात आहे हे जगजाहीर करतो. कनिष्ठ सभागृहानं आठ आरोपांवर महाभियोग मंजूर केला. लाँग घाबरला होता, असं त्याच्या जवळचे पुढे सांगत.

मग त्यानं एक डाव टाकला. सिनेटमध्ये ३९ सदस्य, दोषी ठरवायला दोन तृतीयांश हवेत. त्यानं १५ सिनेटरांच्या एका कागदावर सह्या मिळवल्या. मजकूर साधारण असा की, हे आरोप घटनेला धरून नाहीत, म्हणून पुरावा काहीही येवो, आम्ही दोषी म्हणणार नाही. खटला सुरू व्हायच्या आधीच खलास. सही करणाऱ्यांना पुढे पदं, कामं, मेहेरबान्या मिळत गेल्या.

इथं दोन लाँग आहेत, एक महाभियोगाआधीचा आणि एक नंतरचा, असं पुष्कळ जण मांडतात. मला ते पुरतं पटत नाही. राजीनाम्याची ती पत्रं काय सांगतात? पण एक फरक नक्की पडला. आधी तो विरोधकांना हरवायचा, आता त्यांना उरूच द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं. बड्या वृत्तपत्रांवर विसंबायला नको म्हणून स्वतःचं वृत्तपत्र काढलं. ते खपवायचं सरकारी नोकरांनी आणि चालायचं त्यांच्याच पगारातून. पेटी जाडजूड झाली ती या काळात.

बाकी माणूस मजेशीर, यात वाद नाही. १९३०मध्ये एका जर्मन युद्धनौकेचा कप्तान आणि जर्मन वकील शिष्टाचाराच्या भेटीला आले, तर गव्हर्नरसाहेब हॉटेलच्या खोलीत हिरव्या रेशमी पायजम्यात! जर्मन मंडळी भडकली. दुसऱ्या दिवशी लाँग उसने घेतलेले औपचारिक कपडे घालून जहाजावर माफी मागायला गेला. देशभरच्या पेपरांत फोटो, बातम्या. पायजम्यात पाहुण्यांना भेटणं मग त्याची ओळखच झाली.

हसता हसता पुढचा किस्सा मात्र घशात अडकतो. त्याच वर्षी तो अमेरिकन सिनेटसाठी उभा होता. मतदान तोंडावर असताना सॅम आयर्बी नावाचा माणूस लाँगविरुद्ध तोंड उघडणार अशी कुणकुण लागली. हा आयर्बी लाँगची सेक्रेटरी अ‍ॅलिस ली ग्रोजीन हिचा मामेसासरा-काका यांपैकी नात्यातला माणूस, घरातल्या गोष्टी ठाऊक असणारा. त्याला आणि ग्रोजीनच्या आधीच्या नवऱ्याला उचलून समुद्राकडच्या ग्रँड आइलवर नेऊन ठेवलं, निवडणूक होईपर्यंत. लाँग जिंकला. ग्रोजीन थोड्याच दिवसांत राज्याची सचिव झाली, तेव्हा ती २५चीही नव्हती.

सिनेटवर निवडून आल्यावर गव्हर्नरपद सोडायला हवं. पण हा वर्षभर जागचा हलला नाही, कारण उपगव्हर्नर पॉल सिर याच्याशी त्याचं वैर होतं. सिरनं वैतागून १९३१मध्ये स्वतःच गव्हर्नरपदाची शपथ घेतली. लाँगनं विधानभवनाभोवती नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले आणि जाहीर केलं की शपथ घेतल्यानं सिरचं उपगव्हर्नरपद गेलं, आणि गव्हर्नर तर तो नाहीच. म्हणजे गडी दोन्हीकडून गेला. शेवटी १९३२मध्ये लाँग वॉशिंग्टनला गेला आणि गादीवर बालमित्र ओ. के. अ‍ॅलन बसला. अ‍ॅलनबद्दल एक विनोद फिरायचा: खिडकीतून वाऱ्यानं एक पान उडून टेबलावर पडलं, तर त्यानं त्याच्यावरही सही केली.

वॉशिंग्टनमध्ये त्यानं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टशी आधी दोस्ती केली, मग उभा दावा मांडला. फेब्रुवारी १९३४मध्ये रेडिओवरून त्यानं संपत्तीवाटपाची योजना मांडली. कोट्यधीशांच्या संपत्तीला कमाल मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला घर-गाडीपुरती किमान ५,००० डॉलरची मालमत्ता, म्हाताऱ्यांना पेन्शन, हुशार मुलांना फुकट कॉलेज. गणित जुळत नाही, श्रीमंतांकडून घेऊनही एवढं पुरणार नाही, असं अर्थतज्ज्ञ सांगत होते. पण मंदीत ज्याचं शेत आणि घर गेलंय, तो आकडेमोड करत बसतो होय? देशभर २७ हजार मंडळं आणि ७५ लाख सभासद झाल्याचा लाँगचा दावा होता. १९३५च्या जूनमध्ये त्यानं सिनेटमध्ये पंधरा तासांहून जास्त वेळ सलग भाषण ठोकलं, त्यात तळलेल्या कालवांची पाककृतीही सांगितली. रूझवेल्टच्या पक्षाला धास्ती पडली होती की हा तिसरा उमेदवार म्हणून उभा राहिला तर लाखो मतं खाईल.

जिंका किंवा हरा

इकडे लुइझियानात कारभार लाँगचाच होता. तो ट्रेननं यायचा, विशेष अधिवेशन बोलावलं जायचं आणि न वाचलेली विधेयकं मिनिटांच्या हिशोबानं मंजूर व्हायची. पोलिसांच्या, शिक्षकांच्या नेमणुका, मतमोजणीचे अधिकारी, शहरांचं उत्पन्न, सगळं एकेक करून राजधानीत आलं. याच काळात गरिबाला मत देण्याआधी भरावा लागणारा कर त्यानं रद्द केला, हे चांगलं काम. आणि याच काळात मोठ्या वृत्तपत्रांच्या जाहिरातींवर दोन टक्के कर बसवला. तो अशा बेतानं की बहुतेक विरोधी पेपरच त्यात सापडावेत. हा कर १९३६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उडवला. खटल्याचं नाव ग्रोजीन विरुद्ध अमेरिकन प्रेस कंपनी. होय, तीच ग्रोजीन, आता हिशोब खात्याची प्रमुख. कायदा शिकणाऱ्या मुलांना वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या धड्यात हा खटला भेटतोच.

सगळ्यात कडू भाग तेलाचा. १९३४मध्ये ‘विन ऑर लूज’ नावाची कंपनी निघाली. मालक कोण, तर लाँग आणि त्याचे निकटवर्ती. गव्हर्नर अ‍ॅलननं सरकारी जमिनीवरचे तेलाचे हक्क द्यायचे, या कंपनीनं ते घ्यायचे आणि तेल कंपन्यांना विकायचे, वर रॉयल्टी कायम. स्वतः एक विहीर खणायची नाही. तेल कंपन्यांनी जनतेला लुटलं म्हणून वीस वर्षं गावोगाव घसा फोडणारा माणूस त्याच जनतेच्या जमिनीखालचं तेल आपल्या खिशात वळवत होता. त्या ५ सेंटच्या करावरही अखेर तडजोडच झाली आणि बराचसा कर माफ झाला.

८ सप्टेंबर १९३५, रविवार. बॅटन रूजमधलं नवं विधानभवन, ४५० फूट उंच, लाँगनंच चौदा महिन्यांत उभं केलेलं. त्या रात्री न्यायाधीश बेंजामिन पेव्ही या जुन्या विरोधकाचा मतदारसंघ मोडून त्याला घरी बसवणारं विधेयक चाललं होतं. पेव्हींचा जावई, २८ वर्षांचा डॉक्टर कार्ल वाइस, कॉरिडॉरमध्ये लाँगच्या समोर आला. गोळी झाडली गेली आणि अंगरक्षकांनी वाइसच्या शरीराची चाळण केली. गोळी वाइसची की अंगरक्षकाची भरकटलेली, यावर आजही वाद घालणारे आहेत.

तज्ज्ञ सर्जन न्यू ऑर्लीन्सहून निघाले होते, पण वाटेत त्यांच्या गाडीला अपघात झाला. मग शस्त्रक्रिया केली आर्थर विड्रिन यांनी. चॅरिटी हॉस्पिटलच्या प्रमुखपदी त्यांना लाँगनंच बसवलं होतं, राजकीय मर्जीतून. मूत्रपिंडाला झालेली इजा त्यांच्या लक्षात आली नाही. आत रक्तस्राव चालू राहिला आणि १० सप्टेंबरच्या पहाटे लाँग गेला. वय ४२.

अंत्ययात्रेला लाखभर माणसं लोटली. त्याच्या काँक्रीटच्या रस्त्यांवरून मैलोन्‌मैल गाड्या येत होत्या. विधानभवनाच्या बागेतच त्याला पुरलं.

मागे राहिलेल्या मंडळींना आता आवरणारं कुणी नव्हतं. १९३९मध्ये घोटाळ्यांची माळच फुटली. गव्हर्नर रिचर्ड लेशी तुरुंगात, पेटीचा कारभार पाहणारा हॉटेलमालक सीमोर वाइस तुरुंगात (मारेकरी वाइसशी याचं काही नातं नाही), लाँगनं नेमलेला राज्य विद्यापीठाचा अध्यक्षही तुरुंगात. पुढच्याच निवडणुकीत लोकांनी लाँगच्या भावाला, अर्लला, पाडलं आणि सुधारणावाला गव्हर्नर आणला. आठ वर्षांनी त्याच अर्लला पुन्हा गादीवर बसवलं, आणि त्याच वर्षी ह्यूईचा मुलगा रसेल सिनेटवर गेला. तो तिथं १९८७पर्यंत होता.

लाँगच्या थडग्यावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, विधानभवनाकडे तोंड करून. पेटी मात्र कुणालाच सापडली नाही. ती कुठं ठेवली आहे, हे मरणाच्या दारात त्याला विचारून पाहिलं होतं म्हणतात.